तेविसावी कॅसेट

“एकच सांगा, सर,” फोनवरची मुलगी म्हणाली आणि मी दाढीचा ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो. अर्ध्या गालाला साबण होता. शिल्पा तिचं नाव. पुण्यात त्यांची कसलीशी संस्था आहे, जुन्या गाणाऱ्यांच्या कॅसेटी गोळा करून त्या संगणकावर जपून ठेवतात. प्रत्येक कलावंताचा एकच अल्बम. तो ऐकला की माणूस कळला पाहिजे, असा. मराठवाड्यातून गौरम्माबाईंचं नाव निघालं आहे, त्यांची सगळी गाणी तुम्हीच लिहिलीत, तेव्हा निवडायचा हक्कही तुमचाच, असं ती म्हणाली. हक्क हा शब्द कानाला बरा वाटला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, बावीस कॅसेटी आहेत, एकच कशी निवडणार? ती हसली. “आता लोक एकाच्या पुढे ऐकतच नाहीत, सर. तेवढी एक ऐकली तरी मिळवलं.” शनिवारी ती लातूरला गौरम्माच्या घरी येणार होती, आवाज आणि फोटो घ्यायला. निवडलेली कॅसेट घेऊन मीही यावं, अशी विनंती होती. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. साबण वाळून गाल आवळल्यासारखा झाला होता. उरलेली दाढी केली तेव्हा हनुवटीला कापलं.

मी शेषेराव. नांदेडच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आणि उरलेल्या वेळात गाणी लिहिली. साहित्यिकांनी मला कधी दारात उभं केलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. माझी गाणी जीपमध्ये वाजायची. लोह्याच्या स्टँडवर, नायगावच्या स्टँडवर काळीपिवळीचे ड्रायव्हर नवी कॅसेट आत ढकलायचे. पहिलं गाणं आवडलं नाही तर गाडी गावाबाहेर पडायच्या आत कॅसेट बाहेर. इतके कडक परीक्षक मला पुन्हा भेटले नाहीत. म्हणून पहिल्या बाजूचं पहिलं गाणं कोणतं, हे नेहमी मीच ठरवायचो. शब्द माझे, चाल मी गुणगुणून दाखवायची, गळा गौरम्माचा. वेष्टनावर तिचा फोटो मोठा असायचा आणि खाली माझं नाव बारीक, पण ते बारीक नाव बरोबर छापलंय की नाही हे बघायला मी दर वेळी छापखान्यात जातीनं जायचो.

कपाटातून बावीसच्या बावीस काढून पलंगावर मांडल्या. माझा टेपरेकॉर्डर कधीच मेलेला, तेव्हा नुसती वेष्टनं बघत बसलो. माणसाची एक कॅसेट निवडायची म्हणजे नेमकं काय निवडायचं? गळा सर्वांत चांगला कुठे लागला ते? मग तिसरी, पाळण्यांची. तेव्हा तिला पडसं झालं होतं आणि आवाजाला जरा खरखर आली होती. मला ती नको होती, पण स्टुडिओची वेळ संपली म्हणून राहिली, आणि बायका अजून सांगतात की त्या कॅसेटीवर आमची पोरं झोपली. की शब्द सर्वांत चांगले ते? मग नववी. पण नववी कोणीच ऐकली नाही, आणि हा अल्बम माझा निवडायचा नव्हता, तिचा निवडायचा होता, हे मला स्वतःला दोनदा बजावावं लागलं. एकेक वेष्टन हातात घेतलं की स्टुडिओतल्या काचेमागची गौरम्मा दिसायची. कानाला मोठे हेडफोन, डोक्यावरचा पदर त्याखाली चुरगळलेला, आणि काचेच्या अलीकडे मी, हातात लाल पेन्सिल. ती गाता गाता मध्येच हसायची. कुठल्याशा शब्दाला तिला तिच्या गावातली कोणी बाई आठवायची आणि ती गाणं सोडून तिच्याबद्दल सांगायला लागायची. मी हात वर करायचो. “गौरम्मा, इथं हसायचं नाही.” “अन् हसू आलं तर वो मास्तर?” “तर थांबायचं आणि पहिल्यापासून म्हणायचं.” ती थांबायची आणि पहिल्यापासून म्हणायची. असं करत करत मी बावीस कॅसेटीतून तिचं हसणं, खोकणं, तिचे ‘अय्यो’, तिच्या गावच्या बायका, सगळं निपटून काढलं. राहिलं ते स्वच्छ होतं. पलंगावर ते सगळं स्वच्छ मांडलेलं होतं.

तशी निवड अवघड नव्हतीच. लोकांना विचाराल तर कोणीही सांगेल, ‘दारात अडवली’. शहाण्णव सालची, तेरावी. नवी नवरी सासरच्या उंबऱ्याशी येते, नणंदा दार अडवतात, आणि नवऱ्याचं नाव यमकात घेतल्याशिवाय तिला आत सोडत नाहीत. ह्या अडवण्यावर आठ गाणी. दहा वर्षं नांदेड-लातूरकडे त्या कॅसेटीशिवाय नवरी घरात शिरली नाही म्हणतात. बँडवाल्यांनी उचलली, आता डीजेवाले वाजवतात. कोणी ओळख करून देताना म्हणतं, हे ‘दारात अडवली’वाले, की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि तो पहिली ओळ गुणगुणायला लागतो. मी मान खाली घालून हसतो. लोकांना तो विनय वाटतो. वेष्टनावर छापलं आहे, ‘गीत आणि संगीत : शेषेराव’. त्यातलं गीत खरं आहे.

बावीस कॅसेटींच्या मागे, कपाटाच्या भिंतीला टेकून, तेविसावी होती. हात तिच्यापर्यंत जाणार नाही अशा बेतानं मी बाकीच्या काढल्या होत्या, हे आता कळून काय उपयोग. काढली. वेष्टन नाही, नाव नाही, डबी तडकलेली. पाठीवर चिकटपट्टीचा एक पिवळा पडलेला तुकडा. अठ्ठावीस वर्षांत मी ती एकदाही वाजवली नव्हती. तिच्यात काय उरलं आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही तोवर सगळंच उरलं आहे असं धरून चालता येत होतं.

भूकंपानंतरच्या वर्षी गौरम्मा ती घेऊन माझ्याकडे आली होती. किल्लारीच्या बाजूचं तिचं गाव. भूकंपात तिचा नवरा गेला, शिवलिंगप्पा. ती लग्नाला गायला म्हणून दुसऱ्या गावी गेली होती, म्हणून वाचली. पुढे दीड वर्ष पत्र्याच्या शेडात काढलं. तिथल्या पहिल्या लग्नाची गोष्ट तिनं मला सांगितली. एका पोरीचं लग्न उरकलं आणि शेडाच्या दारात नवरीला अडवायला कोणी पुढे येईना. ज्यांनी अडवायचं त्या बहुतेक विधवा झालेल्या. त्या लांब, पाण्याच्या टाकीपाशी घोळक्यानं उभ्या होत्या. अशा बायांनी मंगल कार्यात पुढे येऊ नये, आणि नाव तर घेऊच नये. नवरा गेला की त्याचं नाव घ्यायची वेळच बाईवर येत नाही. गौरम्मा टाकीपाशी गेली आणि एकेकीचा हात धरून तिनं त्यांना दाराशी आणलं. म्हणाली, नवरा मेला, नाव मेलं का गं? आणि आधी स्वतः शिवलिंगप्पाचं नाव घेतलं, गाऊन. ती चाल तिला तिथेच उभ्या उभ्या सुचली की आधीपासून कुठे होती, तिलाही सांगता आलं नाही. मग एकामागून एक दहा बायांनी मेलेल्या नवऱ्यांची नावं घेतली. नवरी दारात ताटकळत उभी. मदतीला आलेल्या कोणा कार्यकर्त्याकडे टेपरेकॉर्डर होता, त्यानं ते सगळं भरून घेतलं आणि कॅसेट तिला देऊन टाकली.

आमच्या पुढच्या खोलीत बसून आम्ही ती ऐकली. माझी बायको स्वयंपाकघरातून आली, दाराला टेकून उभी राहिली आणि दुसऱ्या की तिसऱ्या नावाला आत निघून गेली. गौरम्मा गेल्यावर म्हणाली, “हे घरात वाजवत जाऊ नका.” मी तिला हसलो, आणि आतून मलाही तेच वाटत होतं. गौरम्माला मी सांगितलं, बाई, ही कोण घेईल? कोणत्या दुकानात लावतील? ती म्हणाली, “आमच्यासारख्या लई हायत की वो, मास्तर.” मी म्हटलं, बघू, राहू द्या माझ्याकडे. तिनं ठेवली. त्यानंतर बारा वर्षांनी बायको गेली, तेव्हा मला कोणत्याही मांडवातून कोणी बाजूला केलं नाही. तिचं नाव मी हव्या त्या ठिकाणी घेतो, भाषणातसुद्धा घेतो, लोक डोळे पुसतात.

शहाण्णवला कंपनीच्या माणसाला लग्नसराईच्या आत एक कॅसेट हवी होती आणि माझ्याकडे चाल नव्हती. शब्द होते, ते नेहमीच असतात. आठ दिवस डोकं खाजवलं. ती शेडातली चाल दोन वर्षं माझ्या डोक्यात होती, आंघोळ करताना यायची, वर्गात फळ्याकडे तोंड केलं की यायची. आमच्या गाण्यांना वाजवणारे पाशामियाँ कीबोर्ड घेऊन माझ्या घरी बसले होते. त्यांना चाल पक्की कळावी म्हणून भरून घ्यायची होती. त्या दिवशी गावात बंद होता, दुकानं उघडी नव्हती, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मी कपाटातून ही काढली. आजवर मी मनाला असं सांगत आलो की माझी चूक झाली. हिची एक बाजू भरलेली, एक कोरी, वर नाव नाही, आणि घाईत कोरी म्हणून मी भरलेली वर केली. चूक कोणाच्याही हातून होते. पुढे स्टुडिओत गौरम्मानं पहिल्या ओळीलाच चाल ओळखली. हेडफोन काढून काचेतून माझ्याकडे बघत म्हणाली, “मास्तर, ही तर त्या बायांची हाय.” मी म्हटलं, चाल काय कोणाच्या मालकीची असते? ही चालली की लगेच ती काढू, पहिलं काम ते. तिनं हेडफोन लावले आणि एका दमात गाणं म्हटलं. ना हसली, ना थांबली. त्यानंतर तिनं तीन वेळा कॅसेटीची आठवण करून दिली. तिसऱ्यांदा मी सांगितलं की यंत्रात गुंतून तुटली.

गुरुवारी तेविसावी खिशात घालून नांदेडच्याच इतवारा भागात गेलो. पाशामियाँ आता वाजवत नाहीत, बोटं वाकली आहेत. बोळाच्या तोंडाशी त्यांचं मिक्सर, पंखे, रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे भोवती सगळं उघडं करून ठेवलेलं सामान आणि मध्ये ते. मी कॅसेट पुढे केली. त्यांनी ती चष्म्याजवळ धरली, उलटसुलट केली आणि पाठीवरच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. “ये पट्टी तुमनेच लगाए थे, मास्टर.”

मी पुण्याच्या मुलीच्या फोनचं सांगितलं आणि मग माझी गोष्ट. चुकून कोरी समजून भरलेली बाजू वर झाली, वगैरे. इतकी वर्षं घोटलेली गोष्ट, कुठे अडखळलो नाही. पाशामियाँनी ऐकून घेतलं आणि कॅसेटीची पाठ माझ्यासमोर धरली. कॅसेटीच्या पाठीला दोन टोकांना दोन बारीक प्लास्टिकचे दात असतात, एका बाजूचा एक. भरलेलं कोणी पुसू नये म्हणून त्या बाजूचा दात मोडून टाकायचा. मग यंत्र त्यावर भरूनच घेत नाही. तरीही भरायचंच असेल तर मोडलेल्या खळग्यावर चिकटपट्टी लावायची. हे मला शिकवायला नको, माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. “देखो,” ते म्हणाले, “कोरी बाजूका दात साबूत है. जिसका दात तोडेला था उसपे पट्टी लगी है. चुकसे उलटी डाले होते तो मशीनच नै लेती थी. पट्टी लगानी पडी, बोले तो मालूम था ना तुमकू?”

रस्त्यावरून एक रिक्षा कर्ण्यात कसली तरी जाहिरात ओरडत गेली.

“मैं पूछा बी था,” ते म्हणाले. “इसमें कुछ है क्या, पूछा था. तुम बोले, कुछ नै.”

“मी असं म्हणालो?”

“हौ. कुछ नै बोले.”

मला ते आठवत नव्हतं, आणि ते खरं होतं हे मला कळत होतं. तो दात कोणी मोडला असेल? गौरम्मानंच. तिला स्टुडिओत मीच दाखवलं होतं, गौरम्मा, हे असं मोडलं की तुमचं गाणं कोणी पुसू शकत नाही. आणि मग कात्रीनं पट्टी कापताना मला काय वाटलं होतं? एवढंसुद्धा आठवत नाही. काही वाटलंच नसेल. सुचलेली चाल हातची निघून जाऊ नये एवढीच घाई असेल, आणि त्या घाईला मी पुढे प्रतिभा म्हणत आलो.

पाशामियाँनी कॅसेट लावली. आधी त्यांचाच तरुण आवाज आला, “एक, दो, तीन,” आणि मग मी. मी गुणगुणत होतो, मध्ये मध्ये फर्मावत होतो, इथे वर न्या, इथे तबला येऊ द्या. किती रुबाब होता त्या आवाजात! वीस-बावीस मिनिटं आम्ही दोघं आमचंच ऐकत बसलो. पाशामियाँनी एका रेडिओचा स्क्रू काढायला घेतला आणि पुन्हा जागेवर बसवला. मग खट असा आवाज होऊन आम्ही संपलो आणि कोणा बाईच्या तोंडात अर्धं नाव उरलेलं ऐकू आलं. “...रावाचं नाव घेते,” आणि मागे लहान मूल रडत होतं. पुढची बाई म्हणाली, “पत्र्याचं शेड, पत्र्याचं दार, महांतेशरावाचं नाव घेते, ऐका गं चार.” तिच्यानंतरची अडखळली. हसली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. मग चाल सोडून नुसतं बोलली, “यमक जुळंना बाई. आप्पासाहेब. आप्पासाहेब त्यांचं नाव.” त्यावर गौरम्मा मोठ्यानं हसली, तिचं ते मी बावीस कॅसेटीतून काढून टाकलेलं हसणं, आणि म्हणाली, “हुंदे गं, आमाला कळलं.” आणि टेप संपेपर्यंत नुसती खरखर. दोन नावं आणि एक अर्धं. गौरम्माचं नाव सगळ्यांत पहिलं होतं, म्हणजे सगळ्यांत आधी तेच गेलं. मी ते आठवायचा प्रयत्न केला. चाल सगळी येत होती. तिनं शिवलिंगप्पाचं नाव कोणत्या शब्दांत घेतलं होतं, त्यातला एक शब्द मला आठवेना. शब्दांचा माणूस मी.

पाशामियाँनी कॅसेट काढून हातात दिली. “बच्ची पूछी तो क्या देंगे?” मी म्हटलं, हीच देणार. ते माझ्याकडे बघत राहिले. “अब?” एवढंच म्हणाले. वरातीमागून घोडं, असं त्यांना म्हणायचं असावं, पण ते सभ्य गृहस्थ आहेत.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालो. पिशवीत दोन कॅसेटी, तेरावी आणि तेविसावी. लोहा आलं तेव्हा जीपचं स्टँड कुठे होतं ते शोधत होतो, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. अहमदपूरपर्यंत मी माझ्या मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. ही द्यायची, पुसलेली, जशी उरली तशी. आणि तिच्यासोबत एक लेख लिहायचा, काही न लपवता. चाल कोणाची, दात कोणी मोडला, पट्टी कोणी लावली. ‘मी एका बाईचा आवाज बावीस वेळा ऐकवला आणि एकदा पुसला,’ अशी सुरुवात. मग वाटलं, ‘ऐकवला’पेक्षा ‘विकला’ जास्त बोचरं होईल. असा लेख मराठवाड्यात कोणी लिहिला नसेल. पुण्यातली माणसंसुद्धा वाचतील. खिडकीतून ऊन गुडघ्यावर येत होतं आणि मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. ह्या हलकेपणाचा तेव्हाच संशय यायला हवा होता.

गौरम्मा औसा रोडला भाचीच्या घरी राहते. ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, फोटोसाठी ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळाला विभूती. बहात्तरची झाली, गुडघे गेलेत, आवाज मात्र तोच. “या मास्तर. वाळलात की वो लई.” भाचीनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. शिल्पा यायला तास होता. मला तो तास हवाच होता. मी पिशवीतून तेविसावी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं ती लगेच ओळखली. हात लावला नाही. “गुतून तुटली म्हणला हुता ना?”

“खोटं बोललो.”

“ते तवाच कळलं. गुतली म्हणून कुणी टाकून देतंय का? पेन्सिल घालून फिरवतेत, तुटली तर चिकटवतेत. तुमीच शिकवलं.” ती रस्त्याकडे बघत होती. “पुढं बोला.”

मी बोललो. सगळं सांगितलं, पट्टीसुद्धा. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

“कोण कोण ऱ्हायलं?”

“एक अर्धं आहे, ते कोणाचं कळत नाही. मग महांतेशरावांचं. आणि शेवटी ती यमक न जुळलेली.”

“मथुरा,” ती म्हणाली. “आप्पासाहेबाची मथुरा.” मग तिनं मांडीवरच्या कॅसेटीकडे बघितलं. “अन् माझं?”

“नाही.”

“माझं तर पयलंच हुतं.”

मी मान हलवली. तिनं कॅसेट उचलून दोन्ही हातांत धरली. “त्या दिशी जे म्हणले ते परत जमलं न्हाई बघा मला. लई डाव करून बघितलं. यमक येतंय, दुसरं येतंय, तिसरं येतंय. ते येत न्हाई. वाटायचं, मास्तरकडं हाय, कुटं जातंय.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग ऐकायची तयारी करून आलो होतो, त्यामुळे माझी पंचाईत झाली. “त्या बायांचे नवरे एकदा भुईनं नेले मास्तर. दुसऱ्या डावाला तुमी नेले.”

आता माझी पाळी आहे असं मला वाटलं. मी म्हटलं, आपण हीच देऊ. उरलेली. मी लेख लिहितो, सगळं कबूल करतो, चाल तुमची आणि त्या बायांची, मी चोरली, मी पुसलं, एक अक्षर लपवणार नाही. बोलता बोलता मला बसमध्ये जुळवलेलं वाक्यही आठवलं आणि मी ते तिला म्हणून दाखवलं. हो, दाखवलं. तिनं ते नीट ऐकलं, पूर्वी गाण्याची ओळ ऐकायची तसं, मान जरा तिरकी करून.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “पर ते बी तुमच्याच नावानं छापून येईल की.”

“गौरम्मा, मला खरंच वाईट वाटतंय.”

“वाटू द्या. पर हितं अडीच बाया उरल्यात, अन् त्यांच्याम्होरं तुमचं वाईट वाटणं पाच पानं. लोक म्हणतेल, मास्तर केवढा मोठा माणूस. मथुराचं कोण इचारतंय?” तिनं कॅसेट पदराच्या टोकात गुंडाळली आणि टोक कमरेला खोचलं. “ही मी देत न्हाई. ती लग्नाचीच द्या तुमी. लोकं मला तिच्यावरूनच वळखतेत. अन् बावीसातली कंची बी दिली तरी आत तुमीच बसून राहिलाव. ह्या बाया तेवढ्या भायेर ऱ्हाऊ द्या.”

तिच्या घरात टेपरेकॉर्डर नव्हता. मी विचारणार होतो, कशावर ऐकणार? विचारलं नाही.

शिल्पा आली ती घाईत, गळ्यात कॅमेरा, हातात माईक. गोड मुलगी. गौरम्माच्या पाया पडली, तिच्या खुर्चीची जागा बदलली, उजेड बघितला. पदरातला फुगवटा तिला दिसला. “आजी, ही कॅसेट कोणती?” गौरम्मा म्हणाली, “कोरी हाय.” शिल्पानं मग विचारलं, तुमच्या मते तुमची सर्वांत आवडती कोणती? “मास्तरला इचार गं बाई. त्यांनाच कळतंय त्यातलं.” दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पिशवीतून ‘दारात अडवली’ काढली. शिल्पा टाळ्या वाजवायचीच राहिली. तिच्या आईच्या लग्नात म्हणे हीच वाजली होती. तिनं वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले, मग वही काढली. “संगीत शेषेराव, असंच लिहू ना, सर?”

गौरम्मा रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत होती. त्याचा आवाज जाईपर्यंत मला वेळ होता. ट्रॅक्टर गेला.

“वेष्टनावर आहे तसं लिही,” मी म्हटलं.

मग तिला माझ्याकडून दोन ओळी हव्या होत्या, हाच अल्बम का, माझ्याच अक्षरात. मी पेन घेतलं. वाटलं होतं, हात थांबेल, निदान कापेल. मी लिहिलं, ‘दारात अडवली हा गौरम्माबाईंचा सर्वांत प्रातिनिधिक अल्बम आहे. मराठवाड्यातल्या बायकांचा सहज आनंद त्यांच्या सहज आवाजात इथे ऐकू येतो.’ एका दमात लिहून कागद दिला. शिल्पानं मोठ्यानं वाचून दाखवला आणि गौरम्मानं मान डोलावली. ते ऐकताना मला काहीतरी खटकलं. मी कागद परत मागून घेतला. दोन ओळींत ‘सहज’ हा शब्द दोनदा आला होता. पहिला खोडला, आणि वाक्य चांगलं झालं.